गोवंड्यांची ॲलर्जी

शरच्चंद्र गोवंड्यांनी एकतीस वर्षं एका सरकारी कचेरीत चौकशीच्या खिडकीमागे बसून काढली आणि त्या एकतीस वर्षांत विचारल्यापेक्षा एक अक्षर जास्त कुणाला सांगितलं नाही. याचा त्यांना कोण अभिमान! कुणी विचारलं, "साहेब, हा अर्ज कुठे द्यायचा?" की उत्तर, "दुसरा मजला." संपलं. दुसऱ्या मजल्यावरचा माणूस बुधवारी नसतो आणि आज बुधवार आहे, हे गोवंड्यांना पक्कं ठाऊक असायचं. पण ते कुणी विचारलेलं नसायचं. तो बिचारा दोन जिने चढून जायचा, कुलूप बघून उतरायचा, धापा टाकत पुन्हा खिडकीशी यायचा.

"अहो, तिथे कुणीच नाही!"

"नसणारच. आज बुधवार."

"मग मघाशीच का नाही सांगितलंत?"

"मघाशी आपण विचारलं नाहीत."

आणि वर 'आपण' म्हणायचे, बरं का. अपमान करतानासुद्धा आदरार्थी बहुवचन सोडायचं नाही, ही आमच्या पुण्याची जुनी रीत. असा एखादा माणूस तुम्हालाही भेटला असेलच. कदाचित तुमच्या घरातच असेल.

तर असे हे गोवंडे निवृत्त झाले आणि सहकारनगरातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये येऊन बसले. लिफ्ट नाही. मुलगा सौमित्र खराडीला कंपनीत, राहायलाही तिकडेच, चौदाव्या मजल्यावर. इथे घरात बायको हेमाताई आणि हेमाताईंची पेटी. पेटी माहेरची. लग्नात भांडीकुंडी आली ती केव्हाच मोडीत गेली, पेटी तेवढी टिकली. संध्याकाळी पाचला त्या ती काढायच्या, तासभर वाजवायच्या आणि पुसून, दुलईच्या खोळीत घालून ठेवायच्या. नवऱ्याला त्या काही विचारत नसत. चाळीस वर्षांत एवढी अक्कल कुणालाही येते.

पण त्यामुळे गोवंड्यांची मोठी पंचाईत झाली. माणूस दिवसभर उत्तरं तोंडात घेऊन बसलाय आणि प्रश्न घेऊन कुणीच येत नाही! दोन महिने त्यांनी वर्तमानपत्राला उत्तरं दिली. मग एका सकाळी मागच्या गॅलरीच्या कठड्यावर त्यांनी मूठभर ज्वारी टाकली आणि एक कबूतर आलं. दुसऱ्या दिवशी चार आली. महिनाभरात पन्नास-साठ, आणि सगळी कठड्यावर ओळीने, मान वाकडी करून यांच्या तोंडाकडे बघत. गोवंडे हरखून गेले. अहो, रांग! त्यांची स्वतःची रांग परत आली होती. सकाळी साडेसहाला ते गॅलरीचं दार उघडायचे आणि म्हणायचे, "एकेकाने या. गर्दी केलीत तर मिळणार नाही." घरात बायकोशी दिवसाकाठी दहा वाक्यं बोलणारा हा माणूस कबुतरांशी अर्धा तास बोलायचा.

दाणे संपले की स्वच्छता. गोवंडे टापटिपीचे भारी. कालची विष्ठा वाळून पांढरी झालेली असायची. ती पत्र्याच्या पट्टीने खरवडायची, पिसं गोळा करायची, खराट्याने खसाखसा झाडायचं. पांढरी धूळ अशी उडायची, की पाठीमागच्या इमारतीतल्या बायका खिडक्या लावून घ्यायच्या. हेमाताईंना गॅलरीत यायची बंदी होती, कारण त्यांना म्हणे नीट झाडता येत नाही. खालच्या मजल्यावरच्यांनी एकदा तक्रार केली, की महापालिका कबुतरांना दाणे टाकू नका म्हणते. गोवंड्यांनी विचारलं, "सार्वजनिक ठिकाणी, असं लिहिलंय ना? माझी गॅलरी सार्वजनिक नाही." दार लावून घेतलं.

तीन वर्षं हे असं चाललं. मग खोकला आला.

कोरडा खोकला. कफ नाही, सर्दी नाही, नुसता ठसका. सकाळी जास्त. कधीकधी दुपारनंतर अंग मोडून यायचं, कणकण वाटायची, आणि दुसऱ्या दिवशी काहीच नाही. डॉक्टरकडे जाण्याआधीच गोवंड्यांनी निदान करून टाकलं: "मला ॲलर्जी आहे." आता ॲलर्जी म्हटली की कशाची तरी हवी. पहिली उदबत्तीची निघाली. देवघरातली उदबत्ती बंद झाली. मग फोडणीची निघाली, हेमाताई मिरचीवाचून स्वयंपाक करायला लागल्या. मग हेमाताईंच्या पावडरीची, मग तळमजल्यावरच्या पामेरियन कुत्र्याची, मग हेमाताईंच्या बहिणीच्या अत्तराची. गंमत बघा, ज्या ज्या गोष्टी या गृहस्थांना आधीपासून खपत नव्हत्या, नेमकी त्यांचीच ॲलर्जी निघत गेली. श्रीखंडाची काही निघाली नाही.

त्या दिवाळीत दोघं पंधरा दिवस खराडीला राहिली आणि काय आश्चर्य, चौथ्या दिवसापासून खोकला पसार! कणकण नाही, ठसका नाही. गोवंडे चक्क सोसायटीच्या बागेला फेऱ्या मारायला लागले. सहकारनगरला परत आले आणि तिसऱ्या दिवशी खोकला दारात हजर.

"म्हणजे आपल्या घरातलंच काहीतरी आहे," गोवंडे म्हणाले. माणूस हुशार हो. इथपर्यंत अगदी बिनचूक आला. हेमाताई भाजी निवडत होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "सौमित्रकडे सूनबाई रोज धूप घालत होती. फोडणीही होती, शेजाऱ्यांचा कुत्राही होता. कबुतरं तेवढी नव्हती. त्यांच्या गॅलरीला जाळी आहे."

गोवंड्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुला कुणी विचारलं?"

हेमाताई पुन्हा मेथीकडे वळल्या. आणि गोवंड्यांची नजर, जिथे बऱ्याच वर्षांपासून जायला बघत होती तिथे जाऊन टेकली. खराडीला आणखी काय नव्हतं? पेटी नव्हती! भाता, फटीफटीत धूळ, वर ती जुनी दुलईची खोळ. पेटीचा आवाज त्यांना लग्नापासून टोचत होता, पण नको म्हणायला कारण नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा.

नेहमीच्या डॉक्टरांनी ॲलर्जीची चाचणी करायला पाठवलं. गोवंडे एकटेच गेले. तिथे हातावर ओळीने थेंब ठेवतात, प्रत्येक थेंबातून सुईने जरासं टोचतात आणि पंधरा-वीस मिनिटं थांबतात. ज्याची ॲलर्जी, तिथे डास चावल्यासारखी गांधी उठते. गोवंड्यांच्या हातावर बावीस थेंब. घरातली धूळ, बुरशी, कुत्रा, मांजर, झुरळ, गाजरगवत, काय काय. एकाही ठिकाणी काही उठलं नाही. चाचणी नीट चालली आहे ना, हे बघायला एक थेंब मुद्दाम उठणारा ठेवतात, तेवढा उठला. बाकी हात स्वच्छ.

"सगळं निगेटिव्ह आहे काका," तिथली मुलगी म्हणाली.

"पेटीचं तपासलं का?"

"पेटी म्हणजे?"

"हार्मोनियम."

"तशी टेस्ट नसते काका. पण धूळ निगेटिव्ह आहे, तेव्हा..."

पुढचं गोवंड्यांनी ऐकलं नाही. रिपोर्टची चार घड्यांची पुडी करून त्यांनी फाइलच्या तळाशी सरकवली. घरी हेमाताईंनी विचारलं, "काय आलं?" गोवंडे म्हणाले, "सगळ्याची आली. धूळ, धूर, बुरशी, सगळं." कमी बोलणारा माणूस खोटारडा नसतो, असं मी आजवर यांच्या बाजूने म्हणत आलो होतो. त्या दिवसापासून म्हणायचं सोडलं.

दोन गल्ल्या सोडून शालनताईंकडे भजनी मंडळ जमायचं आणि त्यांना पेटी हवीच होती. हेमाताईंनी पेटी पुसली, खोळीत घातली, रिक्षात मांडीवर घेऊन गेल्या आणि रिकाम्या हाताने चालत परत आल्या. गोवंड्यांनी खिडक्या उघडून मोठा श्वास घेतला आणि त्यांना असा ठसका लागला की डोळ्यांत पाणी आलं. "धूळ भिंतीत मुरली आहे," ते म्हणाले आणि सगळ्या घराला रंग काढला. रंगाच्या कामात कबुतरांचे हाल नकोत म्हणून गॅलरी तेवढी वगळली.

वर्षभरात कमरेच्या पट्ट्याला आतल्या बाजूला दोन नवी भोकं पडली. जिना चढताना गोवंडे पहिल्या मजल्यावर थांबायला लागले. तिथे सोसायटीचा नोटीस बोर्ड आहे. त्यावर पाण्याची टाकी धुण्याबद्दलचा एक जुना कागद होता. तो गोवंडे रोज पाच मिनिटं वाचत, आणि कुणी खाली-वर जाताना दिसलं की मान हलवून म्हणत, "काय ही भाषा!" पुढे दुसऱ्या मजल्यावरही थांबावं लागायला लागलं. तिथे वाचायलाही काही नव्हतं.

शेवटी सौमित्रने सुट्टी टाकली आणि त्यांना छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर सुरुची, वय असेल पस्तीस. त्यांनी बोटाला चिमटा लावून गोवंड्यांना कॉरिडॉरमध्ये सहा मिनिटं चालवलं. निघताना शहाण्णववर असलेला ऑक्सिजनचा आकडा परत येईपर्यंत शहाऐंशीवर आला होता. मग फुंकण्याची चाचणी, मग छातीचं स्कॅन. आठवड्याने रिपोर्ट घेऊन पुन्हा गेले, या वेळी हेमाताईही बरोबर. सौमित्र गाडी लावायला जागा शोधत फिरत होता, म्हणजे अर्ध्या तासाची निश्चिंती. दाराशी गोवंड्यांनी बायकोला बजावलं, "मध्ये बोलू नकोस. विचारलं तरच बोल, आणि विचारलं तेवढंच."

डॉक्टर फाइल चाळत होत्या. तळाशी त्यांना चार घड्यांचा कागद सापडला. तो त्यांनी उलगडला, टेबलावर हाताने सपाट केला.

"ही तुमची ॲलर्जीची टेस्ट ना काका? यात तर काहीच नाही. धूळ, बुरशी, कुत्रा, सगळं निगेटिव्ह."

गोवंडे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. हेमाताईंनी मांडीवरची पर्स एकदा या हातातून त्या हातात घेतली.

"बरं. मी विचारते त्याची उत्तरं द्या," डॉक्टर म्हणाल्या. "सिगारेट?"

"नाही."

"घरात ओल, कूलर?"

"नाही."

"नोकरी कशात होती? गिरणी, धान्य, कापूस असं काही?"

"चौकशी."

"पक्षी पाळलेत का? पोपट, लव्हबर्ड्स, कबुतरं?"

गोवंडे जरा थांबले. हेमाची मेथीची जुडी आठवली. पण कठड्यावरची रांगही आठवली, सकाळी साडेसहाची. ती गेली तर मग उरलं काय? आणि शिवाय, पाळलेत का, असं विचारलं होतं. पिंजरा नाही, पट्टा नाही, नाव ठेवलेलं नाही.

"नाही," गोवंडे म्हणाले.

डॉक्टरांनी खुर्ची मागे सरकवली. "काका, मी अडलेय. तुमच्या फुफ्फुसांना सूज आहे आणि खालच्या भागात चट्टे पडायला लागलेत. सूज औषधाने उतरते. चट्टे नाही. तुम्ही श्वासावाटे रोज काहीतरी आत घेताय, ते शरीराला सोसत नाही. ते काय आहे हे कळलं नाही तर फुफ्फुसाचा तुकडा काढून तपासावा लागेल. आणि ते चालूच राहिलं, तर दोनेक वर्षांत घरात ऑक्सिजनचं मशीन लागेल. नीट आठवून सांगा, काहीच नाही?"

"आपण विचारलं त्यातलं काहीच नाही."

आता हेमाताई गप्प बसल्या असत्या तर त्यांना कुणाची बोल लावायची छाती झाली नसती. नवऱ्याची आज्ञाच होती तशी. समोर तो कागद पडलेला होता, ज्याच्यावर न लिहिलेल्या रोगापायी त्यांनी पेटी रिक्षात घातली होती. मी असतो तर गप्प बसलो असतो. खुशाल बसलो असतो!

"डॉक्टर," हेमाताई म्हणाल्या, "मला एक विचारता का?"

"काय विचारू?"

"हे सकाळी साडेसहाला काय करतात, ते विचारा."

डॉक्टरांनी विचारलं आणि हेमाताईंनी सांगितलं. ज्वारी, साठ कबुतरं, पत्र्याची पट्टी, खराटा, चार वर्षं. खराडीचे पंधरा दिवसही सांगितले. एकही शब्द वावगा नाही, आवाज चढवला नाही. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"काका, मी कबुतरांचं नाव घेऊन विचारलं होतं."

"पाळली आहेत का, असं आपण विचारलंत. मी पाळत नाही. ती येतात."

"तुमच्या फुफ्फुसांना तो फरक कळत नाही काका."

एकतीस वर्षांत खिडकीच्या आत असं उत्तर कुणी टाकलं नव्हतं. डॉक्टरांनी मग सगळं समजावून सांगितलं. ही शिंकांची आणि गांध्यांची ॲलर्जी नाही, म्हणून टोचण्याच्या चाचणीत ती सापडत नाही. वाळलेल्या विष्ठेची धूळ, पिसांवरची बारीक पूड श्वासाबरोबर खोल जाते. काही जणांचं शरीर त्याला शत्रू समजून धावून जातं, आणि त्या मारामारीत मोडतोड होते ती आपल्याच फुफ्फुसांची. रक्ताची एक वेगळी तपासणी करू, औषध सुरू करू. पण पहिलं औषध म्हणजे कबुतरं बंद. गॅलरी दुसऱ्या कुणीतरी मास्क लावून, ओली करून धुवायची. तुम्ही तिकडे फिरकायचं नाही.

"पूर्ण बरा होईन ना?" गोवंड्यांनी विचारलं.

"नाही," डॉक्टर म्हणाल्या. पण त्या काही खिडकीमागे वाढलेल्या नव्हत्या, त्या पुढेही बोलल्या. "चट्टे पडलेत तेवढा भाग गेला. पण बराचसा शिल्लक आहे, तो आपण राखू. दीड वर्ष आधी आला असतात तर बहुतेक सगळंच वाचलं असतं. काकू बरोबर आल्या म्हणून आज तरी कळलं."

रक्ताच्या तपासणीत कबुतरंच निघाली. गॅलरीला जाळी बसली. पाच-सहा दिवस कबुतरं जाळीबाहेर येऊन बसायची, मान वाकडी करून आत बघायची. गोवंडे काचेच्या दाराआड उभे राहायचे. मग एक दिवस ती मागच्या इमारतीच्या टाकीवर गेली, तिथे कुणीतरी तांदूळ टाकत होतं. चार वर्षांची ओळख, आठवडाभरही टिकली नाही. गोवंड्यांना ते फार लागलं.

गोळ्यांनी भूक खवळली, तोंड गोल झालं, खोकला उतरला. जिन्यात आता ते एकदाच थांबतात, नोटीस बोर्डापाशी. घरात उदबत्ती सुरू झाली. फोडणीत मिरची परत आली. पण त्या कागदाबद्दल हेमाताई एक शब्द बोलल्या नाहीत. गोवंडे रोज वाट बघायचे. आज भांडेल, उद्या भांडेल. भांडली असती, भांडी आपटली असती, तरी त्यांनी सुटकेचा श्वास टाकला असता, जेवढा उरला होता तेवढा. पण हेमाताई वेळच्या वेळी गोळ्या द्यायच्या, जेवायला वाढायच्या आणि पाचच्या आधी साडी बदलून शालनताईंकडे जायच्या. तिथे मंडळात त्यांची पेटी होती. आठवड्यातून दोन दिवस जमणारं मंडळ आता रोज जमत होतं. सातपर्यंत घरात गोवंडे आणि घड्याळ.

एका संध्याकाळी त्या निघाल्या तेव्हा गोवंडे खुर्चीतून उठून दारापर्यंत आले.

"हेमा, तुला कबुतरांचं आधीपासून वाटत होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते. तुम्ही म्हणालात, तुला कुणी विचारलं?"

गोवंड्यांनी दाराच्या चौकटीला हात टेकला. दम लागला होता की काय, कोण जाणे. "बरं. आता विचारतो. पेटी घरी आणशील?"

"नाही."

गोवंडे थांबले. त्या 'नाही'च्या मागे आणखी काहीतरी येईल. आज नाही, उद्या आणते. किंवा, नाही, कारण तुम्ही तो कागद लपवलात. शिवी चालली असती, रडणं चाललं असतं, काहीही चाललं असतं. खिडकीपुढे माणसं अशीच उभी राहायची, कागद हातात धरून, साहेब आणखी एखादं वाक्य बोलतील म्हणून तोंडाकडे बघत. हेमाताईंनी चपलेत पाय सरकवले, पदर नीट केला आणि दार ओढून घेतलं. जिन्यावरून त्यांची पावलं उतरत गेली, पहिल्या मजल्यावर न थांबता.